वजीर, माकडहाड आणि दहा सोंगट्या

लखनौच्या जुन्या चौकात गोल दरवाजातून शिरून अकबरी दरवाजाकडे निघालं, की चिकनची दुकानं, अत्तराच्या कुप्या आणि टुंडे कबाबीचा तवा हे सगळं ओलांडावं लागतं. माझ्या डोक्यात मात्र लखनौ म्हटलं की बुद्धिबळाचा पट येतो. दोष प्रेमचंदांच्या १९२४च्या कथेचा, आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये काढलेल्या ‘शतरंज के खिलाडी’चा. त्या चित्रपटात बुद्धिबळवेड्या मीर आणि मिर्झाला मुन्शी नंदलाल विलायती पद्धत समजावतो: प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरं, वजिराच्या जागी राणी.

ते पाहून वाटतं, विलायती खेळ म्हणजे नवाबी खेळाची सुधारून वाढवलेली आवृत्ती. तसं नाही. हे बापलेक नव्हेत, चुलतभाऊ आहेत. दोघांचा आजा जुना शतरंज, आणि त्याच्याही मागे चतुरंग. एक फांदी अरबांमार्फत युरोपात गेली, एक हिंदुस्थानात वाढली. ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्यही असंच फसवं. आजचं कुठलंच माकड आपलं पूर्वज नाही. आपला आणि चिंपांझीचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यानंतर आपण जितके बदललो, तितकाच काळ बदलायला चिंपांझीलाही मिळाला.

नातं ओळखायचं ते मूळ काम संपल्यावरही उरलेल्या खुणांवरून. जुन्या खेळात वजीर तिरकं एकच घर सरकायचा. १५व्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला चहूदिशांची दौड मिळाली, तोवर तिथं त्याची राणी झालेलीच होती. मराठीत आज चाल राणीची, नाव मात्र वजिराचंच. आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाशी शेपटीचा अवशेष आहे, त्याला मराठीनं माकडहाड म्हणून ठेवलंय. वजीर हे बुद्धिबळाचं माकडहाड समजा.

दुसरा घोटाळा मोक्षपटानं, म्हणजे जुन्या सापशिडीनं, केलाय. तो पट परंपरा ज्ञानदेवांच्या नावावर सांगते. शिड्या चढत शेवटच्या घरात मोक्ष: अध्यात्माला ते शोभतं, उत्क्रांतीला नाही. तिथं शेवटचं घरच नाही आणि पुढच्या खेळ्या आखणारा खेळाडूही नाही.

सगळ्यात चिवट समज: जे टिकलं ते सरसच असणार. हा घरी तपासता येतो. पिशवीत ५ काळ्या, ५ पांढऱ्या सोंगट्या टाका. न बघता एक काढा, रंग लिहा, परत टाका. असं १० वेळा. जो आकडा येईल तेवढ्या काळ्या-पांढऱ्या पुन्हा भरा: ही झाली पुढची पिढी. बरोबर ५-५ राहण्याची शक्यता साधारण चारात एक. कधी ६-४, मग ८-२, मग पुन्हा ७-३ असं हेलकावत सरासरी तेरा-चौदा फेऱ्यांत पिशवी एकरंगी होते. जिंकलेल्या रंगात विशेष काहीही नसतं. सोंगट्यांच्या जागी एकाच जनुकाची दोन रूपं असली, की याला जनुकीय विचलन म्हणतात. १० ऐवजी १०० सोंगट्या घेतल्या तर सरासरी १४०च्या जवळपास फेऱ्या लागतात, कागद जास्त आणा. लहान समूहात नशिबाचा हात भारी असतो, तो असा. नैसर्गिक निवड खोटी नाही. पण ती काम करते तेव्हाही ही पिशवी हलतच असते.

समूह किती लहान, याला आपल्याकडे विशेष अर्थ आहे, कारण आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं लावली. नात्यात किंवा लहान गटात लग्नं झाली, की एकाच दुर्मीळ जनुकाच्या दोन प्रती एका बाळात येण्याची शक्यता वाढते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट अशाच दोन प्रतींतून दिसतो. मुंबईत तो साधारण १० हजारांत एकाचा असतो, युरोपात त्याहून कितीतरी विरळ. तो ना बलवानाची खूण, ना दुबळ्याची. अडचण एवढीच, की साध्या चाचणीत तो ‘ओ’ वाटू शकतो आणि त्या माणसाला ‘ओ’ गटाचं रक्त मात्र चालत नाही; बॉम्बे गटाचंच लागतं. तुमच्या घरात कुणाचा हा गट निघाला असेल, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. आईवडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते.