पुरवणी प्रश्नाची धार

लोकसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्याच्या हाती तयारच असतं. अधिकाऱ्यांनी घोटून गुळगुळीत केलेलं. खरी कसोटी पुढे लागते. सदस्य उठून पुरवणी प्रश्न टाकतो, आणि मंत्र्याला जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं.

सभागृहातल्या अशा प्रश्नांची ताकद एका प्रकरणात दिसली. १९५७ साली नव्याकोऱ्या आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले होते. या व्यवहारावरून सत्ताधारी बाकांवरच्याच फिरोज गांधींनी स्वपक्षाच्या सरकारला सभागृहात धारेवर धरलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याची चौकशी केली, तीही लोकांसमोर, उघडपणे.

याच प्रकरणावरून फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

अतारांकित प्रश्नांना मात्र नुसतं लेखी उत्तर मिळतं. तिथे पुरवणी विचारता येत नाही.