युद्धाची दप्तरे : भाग ३ – एका शून्याचा हिशेब

पॉट्सडॅमचे लष्करी दप्तर एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले आणि प्रशियाच्या सैन्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कागदपत्रे त्यात गेली, हे गेल्या भागात पाहिले. मग जर्मनीचा युद्धकाळ अभ्यासायचा कशाच्या आधारावर? माझे उत्तर आहे, शहरोशहरीच्या दप्तरांच्या आधारावर. मृत्यूच्या नोंदवह्या किंवा दफनभूमीची खाती कुणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेली नसतात; त्या दिवसाचे काम उरकण्यासाठी लिहिलेली असतात. म्हणूनच त्यांची साक्ष वजनदार ठरते. ड्रेस्डेन हे त्याचे ठळक उदाहरण.

१३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी ड्रेस्डेनचा मध्यभाग बेचिराख केला. माणसे किती मेली? नाझी प्रचारयंत्रणेने दोन लाखांचा आकडा पसरवला. डेव्हिड अर्विंग यांच्या १९६३ च्या पुस्तकाने १,३५,००० सांगितला. ‘दैनिक आदेश क्रमांक ४७’ म्हणून फिरणाऱ्या एका कागदात तर २,०२,०४० मृत होते. १९७० च्या दशकात मूळ आदेशाची प्रत सापडली, तेव्हा तीत २०,२०४ असा आकडा निघाला. कुणीतरी शेवटी एक शून्य जोडले होते. अखेर २००४ साली शहराने इतिहासकारांचा आयोग नेमला. रोल्फ-डीटर म्युलर यांच्या नेतृत्वाखाली त्याने दफनभूमींची खाती, मृत्युनोंदी आणि बेपत्ता माणसांना मृत ठरवणारे न्यायालयीन निर्णय एकमेकांशी ताडून पाहिले. २०१० च्या अहवालाचा निष्कर्ष होता : मृत जास्तीत जास्त २५,०००.

यावर पहिला आक्षेप निर्वासितांचा. शहरात सायलेशियातून पळून आलेली माणसे होती, त्यांची नोंद कुठे असणार? पण दफन करणारा प्रेत मोजतो, त्या माणसाचे गाव विचारत नाही. शिवाय हजारो निर्वासित बेपत्ता झाले असते, तर युद्धानंतर त्यांच्या नातलगांनी देशभरच्या न्यायालयांत केलेल्या अर्जांतून ते दिसले असते. दुसरा आक्षेप असा की, आगीत माणसांची राखच झाली. त्यासाठी पुरातत्त्वज्ञांनी जुन्या तळघरांचे अवशेष तपासले. हजारो देह मागमूस न ठेवता नाहीसे करील एवढ्या उष्णतेचा पुरावा मिळाला नाही. आल्टमार्क्ट चौकात जी प्रेते प्रशासनाने स्वतः जाळली, त्यांचीही मोजदाद आहे : ६,८६५. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नाझी राजवटीच्या कारकुनावर विश्वास का ठेवावा? इथे प्रचार आणि कारभार वेगळे करावे लागतात. प्रचाराला आकडा फुगवून हवा होता. दफनभूमीच्या कारकुनाला मात्र किती खड्डे खणायचे ते नेमके कळायला हवे होते. वेगवेगळ्या हेतूंनी ठेवलेल्या नोंदी एकाच आकड्याकडे बोट दाखवतात, तेव्हा तो योगायोग मानता येत नाही.

तरीही दप्तराला मर्यादा आहे. व्हिक्टर क्लेंपेरर हे ज्यू भाषाशास्त्रज्ञ १३ फेब्रुवारीला याच शहरात उरल्यासुरल्या ज्यूंना ‘कामासाठी’ हजर होण्याच्या नोटिसा वाटत होते. त्या नोटिसा म्हणजे मृत्यूचे बोलावणे आहे, ही त्या घरांतली धास्ती आपल्याला कळते ती त्यांच्या रोजनिशीतून. त्या रात्रीच्या गोंधळात क्लेंपेरर निसटले आणि वाचले. म्हणून आकडे दप्तरातून घ्यावेत, पण त्यातल्या शब्दांचा अर्थ ज्यांनी ते भोगले त्यांना विचारावा.

आकडा खाली आणणे म्हणजे दुःख लहान करणे, असे काहींना वाटते. मला उलट वाटते. फुगवलेल्या लाखांत माणूस हरवतो आणि त्या लाखांचा झेंडा करून नवनाझी दर फेब्रुवारीत मिरवतात. नोंदवहीतली एक ओळ मात्र एकाच माणसाची असते. तिच्यापुढे दुसऱ्या कुणाचा झेंडा रोवता येत नाही. पुढच्या भागात, सरकारी कागदातल्या ‘कामासाठी’सारख्या साळसूद शब्दांविषयी.