मुलखाचा शिरस्ता आणि संगणक

एखाद्या करारनाम्यावर ३/४/२०२५ एवढीच तारीख घातलेली असली आणि तो न्यूयॉर्कच्या व पुण्याच्या अशा दोन व्यापाऱ्यांपुढे ठेवला, तर पहिला ती ४ मार्च म्हणून वाचील, दुसरा ३ एप्रिल म्हणून वाचील, आणि आपल्या वाचनाविषयी दोघांच्याही मनात शंकेचा लवलेश येणार नाही. रकमांची गत याहून निराळी नाही. इंग्रज गृहस्थ जी रक्कम १,२३४,५६७.८९ अशी मांडतो, ती जर्मन मनुष्य स्वल्पविराम आणि बिंदू यांची बिनदिक्कत अदलाबदल करून १.२३४.५६७,८९ अशी मांडतो, आणि लाख-कोटींच्या गणनेत वाढलेले आपण लोक तीच १२,३४,५६७.८९ अशी लिहितो. मनुष्य हे भेद प्रसंगावरून ताडतो. संगणकाच्या प्रोग्रामला प्रसंगाचे ज्ञान नसल्यामुळे, समोर बसलेल्या माणसाची भाषा कोणती, मुलूख कोणता आणि त्या मुलखाचा शिरस्ता काय, याची चौकशी करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. या साऱ्याच्या एकत्रित नोंदीला तंत्रज्ञ ‘लोकेल’ म्हणतात.

ही चौकशी चालते कशी, हे पाहण्यासारखे आहे. १९८९ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या ‘सी’ या संगणकभाषेत तिच्यासाठी ‘सेटलोकेल’ नावाची आज्ञा आहे. लोकेलच्या नावाची जागा रिकाम्या अवतरणचिन्हांनी भरली, की यंत्र वापरणाराने ठरवून ठेवलेला शिरस्ता प्रोग्राम अंगीकारतो. त्याच जागी ‘नल’ लिहिले, तर काहीही फेरफार न होता चालू लोकेलचे नाव तेवढे हाती येते. दशांशचिन्ह कोणते, अंकांचे गट कसे पाडावेत, चलनाचे चिन्ह कोणते, हा तपशील दुसऱ्या एका आज्ञेने मिळतो. परंतु येथे एक मेख आहे. सी भाषेतला प्रत्येक प्रोग्राम आरंभी एका तटस्थ लोकेलमध्येच असतो, आणि त्यात दशांशचिन्ह म्हणून केवळ बिंदू मान्य असतो. म्हणून वापरणाराने आपली निवड यंत्रात कितीही काळजीपूर्वक नोंदवलेली असली, तरी प्रोग्रामने आपण होऊन विचारल्याखेरीज ती अमलात येत नाही. शिवाय अंक, चलन, कालमान आणि वर्णानुक्रम यांची खाती स्वतंत्र असल्यामुळे एकाचा शिरस्ता एका मुलखाचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या मुलखाचा ठेवता येतो.

प्रश्नाचे उत्तर द्यायला मुळात नोंद हवी. युनिकोड संघटनेच्या ‘सीएलडीआर’ या सामायिक भांडारात जगातील अनेक प्रचलित भाषांचे असे शिरस्ते नोंदवलेले असून आजचे बहुतेक फोन आणि ब्राउझर त्यांचाच आधार घेतात. त्यात मराठीसाठी देवनागरी अंक प्रधान मानले आहेत, तर लिपी तीच असूनही हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक. वर्णानुक्रमाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या अगोदर येतो; आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ची जागा ‘ह’च्या नंतर आहे. यामुळे केवळ क्रमांकांवर विसंबणारा प्रोग्राम काल, काळ, कावळा, काहूर अशी यादी लावतो, तर मराठीचा अनुक्रम विचारून घेणारा प्रोग्राम काल, कावळा, काहूर, काळ अशी लावतो.

मात्र हा शिरस्ता कोठे पाळावा आणि कोठे पाळू नये, याचा विवेक सुटला की अनर्थ होतो. तुर्की भाषेत टिंब असलेल्या लहान ‘आय’चे मोठे रूपही टिंबासहितच असते, त्यामुळे अंतर्गत आज्ञांची अक्षरे वापरणाराच्या लोकेलनुसार मोठी करणारे प्रोग्राम इतरत्र निर्वेध चालूनही तुर्की शिरस्त्याखाली अडखळतात. जर्मन यंत्राने स्वल्पविरामाने लिहून ठेवलेला अपूर्णांक बिंदूची अपेक्षा करणाऱ्या यंत्राने वाचला, की हिशेब बिघडलाच. म्हणून माणसाला दाखवायचे ते त्याच्या रिवाजाप्रमाणे, आणि दप्तरी साठवायचे किंवा यंत्राने यंत्राला कळवायचे ते एकाच ठरीव रूपात, हा नियम अनुभवी प्रोग्रामर पाळतात. तारखेचे तसे रूप १९८८ च्या ‘आयएसओ ८६०१’ या मानकाने ठरवून दिले असून त्यात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२५-०४-०३ असे लिहितात.

भाषा आणि मुलूख एकच समजण्याची चूकही टाळलीच पाहिजे. म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला फोनवरचा मजकूर मराठीत हवा असतो आणि रक्कम युरोत हवी असते, आणि त्याचा आठवडा भारतातल्या दिनदर्शिकेप्रमाणे रविवारी सुरू न होता सोमवारी सुरू होतो. म्हणून प्रोग्राम लिहिणारांनी ही दोन्ही उत्तरे निरनिराळी विचारावीत, एकावरून दुसऱ्याचे अनुमान करू नये. आणि वाचकांनीही आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा व प्रदेश ही दोन्ही खाती एकदा तपासून घ्यावीत, कारण मालकाने निवड नोंदवलीच नसेल, तर अत्यंत सावध प्रोग्रामलाही चौकशीअंती परक्या मुलखाचेच उत्तर मिळण्याचा संभव आहे.