जमिनीत सापडणाऱ्या जुन्या वस्तूंची ओळख

पुणे-नाशिक मार्गावरील चाकण परिसरात नांगरट, विहिरींची खोदाई आणि कारखान्यांच्या पायाभरणीची कामे चालू असताना धातूच्या जुन्या वस्तू वर येतात. येथील संग्रामदुर्गाने १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांच्या नेतृत्वाखाली शाइस्तेखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने दाद दिली नव्हती. त्यामुळे मिळालेली प्रत्येक वस्तू शिवकालीन असावी, असा समज सहज होतो. पण बहुतेक वेळा ती बैलाची पत्री निघते, आणि जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात यात आश्चर्य नाही. घोड्याची नाल अर्धवर्तुळाकार, एकसंध असते. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने प्रत्येक अर्ध्या खुरास वेगळा चपटा तुकडा ठोकतात. एवढ्या एका खुणेवरून दोन्हींतील फरक ओळखता येतो.

हल्ली काही हौशी मंडळी धातुशोधक यंत्र वापरतात. यंत्रातील वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र आवाज करते. वस्तूचे वय मात्र यंत्र सांगत नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवानगीवाचून खोदकाम करताच येत नाही.

ओळखीची सुरुवात धातूपासून करावी. तांबे व पितळ हिरवे पडते, लोखंडाला तांबूस खपल्या धरतात, चांदी काळवंडते, शिशावर पांढुरका थर येतो. सोने तेवढे जसेच्या तसे राहते. शिशाची लहान गोळी सापडल्यास तिच्या भोवती साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक शिवण दिसते का, ते पाहावे. तोफगोळ्यासारखी किंवा स्फोटक वाटणारी वस्तू मात्र न हलवता पोलिसांना कळवावे.

तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतील, तर ती शिवराई होय. तथापि शिवराया पुढील छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडल्या गेल्या. केवळ अक्षरांवरून काळ ठरवणे धाडसाचे ठरेल. मध्ये भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ मधला. तो शंभर वर्षांचाही नाही. वजने-मापेही पुष्कळ मिळतात. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, छटाक सुमारे ५८ ग्रॅम. मेट्रिक पद्धती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा ही मापे घराबाहेर पडली. अडकित्ते, चुन्याच्या डब्या, दिवे, कुलुपे यांचे नमुने ताडून पाहण्यास पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतके सोयीचे ठिकाण नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे अवश्य न्यावे.

वस्तू मिळताच ती चिंच-राखेने लख्ख घासण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात गंजाबरोबर अक्षरेही जातात. माती मऊ कोरड्या ब्रशाने झाडावी आणि जागा, खोली, दिनांक व सोबत निघालेली खापरे यांची नोंद करावी. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे झुडपाचे मूळ खणताना कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा व बैल जुंपलेला रथ मिळाले. ती शिल्पे शास्त्रीय उत्खननात न सापडल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. इतकी अमोल वस्तू, पण ती कोणत्या थरात होती हे कोणी पाहिले नव्हते.

चाकणपासून जवळच, चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत निघालेल्या २१६ सुवर्णमुद्रा २०२१ मध्ये पोलिसांना ताब्यात घ्याव्या लागल्या. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कळवणाऱ्याचे नुकसान होते, ही भीती मात्र निराधार होय. ठेवा बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाने हक्क सांगितला, तरी सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश मालकाचा असतो. शासनाने ठेवा घेतल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम दिली जाते. ही माहिती खोदाईवरील मजुरापर्यंत काम सुरू होण्यापूर्वीच पोहोचवणे ग्रामपंचायत सदस्यांना सहज शक्य आहे.