एक फोन, चार इयत्ता

साडेनऊ. शाळेचं कुलूप काढलं की आधी लाईट आहे का ते बघायचं. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाची हवा होती, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला शिक्षक गाड्या करून जात. आमच्याही गावानं लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. आता तो बंद पडून कपाटावर आहे. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा, हे वर्गणीच्या वेळी ठरलं नव्हतं. उरला माझ्या खिशातला फोन.

साडेदहा. परिपाठ. हजेरी कागदावर एकदा, फोनवर एकदा.

अकरा. चौथीला जलचक्र. बालभारतीच्या पुस्तकात धड्याशी क्यूआर कोड असतो. ही कल्पना सोलापूरकडच्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून आली. तिथले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोड स्कॅन केला, पोरं फोनभोवती डोकी खुपसून बसली, रेंजनं साथ दिली. व्हिडिओ छान होता, गडबड अजिबात नाही. मग विचारलं, ढग कशाचा असतो? तिघं एकदम म्हणाली, “कापसाचा!”

चित्रात तसाच तर दिसत होता. खिचडी करणाऱ्या मावशींकडून उकळत्या पाण्याचं पातेलं मागितलं, वर थंड ताटली धरली. ताटलीखाली थेंब जमले, टपटपले. “सर, हाच पाऊस?” त्यानंतर तोच व्हिडिओ पुन्हा लावला तर दर दहा सेकंदांनी कुणीतरी थांबवायला लावत होतं. आता मी व्हिडिओ आधी दाखवत नाही. ज्या गोष्टीला पोरांनी हात लावलेला नाही, ती पडद्यावर बघून पोरं नुसती गप्प बसतात, आणि तपासणीला आलेल्या साहेबांना ती गप्प बसलेली फार आवडतात.

साडेबारा. दुसरीतली एक पोरगी माझ्यासमोर तोंड उघडत नाही. आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात, ती आजीजवळ. तिच्या हातात फोन देऊन लिंबाखाली पाठवतो: वाच, रेकॉर्ड कर, ऐक. परत आली ती कपाळाला आठ्या घालून. “सर, मी ‘पाखरू’चं ‘पारखू’ केलंय. खोडा ते.” चूक मी दाखवली असती तर ती आठवडाभर बोलली नसती. ॲप नाही, नेट नाही. फोनमधला साधा रेकॉर्डर.

दीड. खिचडी. जेवणाऱ्यांचा आकडा फोनवर.

दोन. ग्रुपवर मेसेज: ‘अति तातडीचे, आज पाचच्या आत.’ त्याच पोरीचं आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही. आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पोर धरलं जात नाही, आणि आमच्यासारख्या दुशिक्षकी शाळेत पट घसरला की शिक्षकाचं पदच धोक्यात. ओटीपी गेला बापाच्या नंबरावर, बाप फडात. पोर्टल गोल गोल फिरतंय. बाई पहिली-दुसरी सांभाळताहेत आणि माझ्या दोन इयत्ता चौदाचा पाढा लिहिताहेत. तिसऱ्यांदा. तंत्रज्ञानानं शिक्षणावर काय परिणाम केला असं कुणी विचारलं, तर मी दुपारच्या या वह्या दाखवीन.

साडेचार. सुटी. पोर्टल अजून फिरतंय.

सात. पालकांचे फोन. “अभ्यास करतोय म्हणतो, बघावं तर रील.” २०२४ च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तसा भोंगा इथंही लावावा, असं मी ग्रामसभेत मांडलं. मालिकांची वेळ आडवी आली.

नऊ. फडातून बापाचा फोन. “सर, कसला तरी नंबर आलाय दुपारी.” तो ओटीपी बाद झाला होता, उद्या परत मागवावा लागेल. “पोरगी वाचती का?” म्हणाला. लिंबाखालचं रेकॉर्डिंग पाठवून दिलं, ‘पारखू’सकट.