‘स्टारड्यू व्हॅली’तील वनोपज-संकलन कौशल्य : विशेषीकरणाची निवड आणि संधी खर्च

प्रस्तावना : एरिक बॅरोन यांनी एकहाती विकसित केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीविषयक संगणकीय खेळ २०१६ साली प्रकाशित झाला. अर्थशास्त्रातील ‘संधी खर्च’ ही संकल्पना त्यातील वनोपज-संकलन कौशल्याच्या आधारे सुलभतेने स्पष्ट करता येते.

निवडीचे स्वरूप : या कौशल्याच्या ५ व्या स्तरावर खेळाडूस ‘फॉरेस्टर’ व ‘गॅदरर’ यांपैकी एक शाखा निवडावी लागते. पहिलीत लाकडास अधिक भाव मिळतो, तर दुसरीत वनोपज दुप्पट मिळण्याची शक्यता २० टक्के असते. १० व्या स्तरावरील पर्याय या निवडीवरच अवलंबून असतात. फॉरेस्टरला ‘लंबरजॅक’ किंवा ‘टॅपर’, तर गॅदररला ‘बॉटनिस्ट’ किंवा ‘ट्रॅकर’ होता येते.

मूल्यमापन : बॉटनिस्टची वनोपज सदैव सर्वोच्च दर्जाची असल्याने मूळ किमतीच्या दुप्पट दराने विकली जाते. डुकरांनी उकरून काढलेले ट्रफलही त्यात मोडते. मूळ ६२५ नाण्यांचे ट्रफल त्यामुळे १,२५० नाण्यांना जाते. त्याच्या तेलास मात्र १,०६५ नाणीच मिळतात. येथे प्रक्रिया करणे तोट्याचे ठरते. परंतु शेती कौशल्यात ‘आर्टिझन’ शाखा घेतलेली असल्यास तेच तेल १,४९१ नाण्यांना विकले जाते. म्हणजेच एका निवडीचे मूल्य अन्य निवडींच्या संदर्भातच ठरते.

निष्कर्ष : खेळात १०,००० नाणी मोजून निवड बदलता येते. विद्याशाखा निवडणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. म्हणूनच ५ व्या स्तराचा निर्णय १० व्या स्तराकडे पाहून घ्यावा, हे तत्त्व अध्यापनात उपयुक्त ठरेल.