सायलेन्सरातील काचेची लोकर

इंदापूरच्या एका वाचकांनी पृच्छा केली आहे की, त्यांच्या जुन्या पेट्रोल मोटारीला हौसेने बसवलेला ग्लासवूलचा सायलेन्सर, जो आरंभी घनगंभीर बोलत असे, तो आता कर्कश का झाला, आणि बारामतीच्या मिस्त्रींनी ‘आतली लोकर गेली’ असा जो निवाडा दिला तो कितपत ग्राह्य मानावा.

निवाडा रास्त आहे. कंपनीच्या बहुतेक सायलेन्सरांत कोठड्या व आडभिंती असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी परस्परांना बऱ्याच अंशी नष्ट करतात. ग्लासवूलच्या सायलेन्सरात मात्र आरपार जाणारी एक सच्छिद्र नळी, तिच्याभोवती काचतंतूंचे दाट वेष्टन आणि वर पत्र्याचे कवच, एवढाच बंदोबस्त. धूर नळीतून बिनदिक्कत निघून जातो; परंतु त्याच्या दाबाचे कंप छिद्रांवाटे लोकरीत शिरतात, तेथील हवा तंतूंना घासत पुढेमागे हेलकावते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने लयास जाते.

या लयाच्या उकलीचे श्रेय ज्याला द्यावे तो गुस्टाफ किरचॉफ आपल्या पाठ्यपुस्तकांत विद्युत्-मंडलांच्या दोन नियमांपुरताच नजरकैदेत पडला आहे. अरुंद नळीतील ध्वनी हवेची श्यानता आणि भिंतीकडे वाहणारी उष्णता या दोहोंमुळे किती क्षीण होतो, याचे गणित त्याने १८६८ साली, म्हणजे बेंझची मोटार रस्त्यावर येण्याच्या अठरा वर्षे आधी, मांडले होते. लॉर्ड रॅली यांनी १८८३ साली तोच विचार सच्छिद्र पदार्थांना लावला. काचेच्या लोकरीला १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट या तरुणाच्या प्रयोगात नवी वाट सापडली, तीही योगायोगाने: काचेचे ठोकळे सांधताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि तिचे बारीक तंतू उडाले.

ही लोकर सर्व स्वरांना सारखी वागवीत नाही. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असता सेकंदाला १०० धक्के बाहेर पडतात. तप्त वायूत त्या लहरीची लांबी सुमारे पाच मीटर भरते, आणि बोटभर जाडीच्या वेष्टनाला ती दाद देत नाही. २००० कंपनांची लहर जेमतेम पाव मीटरची, म्हणून ती गिळली जाते. तीक्ष्ण स्वर गाळून जो खर्ज उरतो, त्यालाच शौकीन मंडळी इंजिनाची ताकद समजतात; पण रस्त्यावरच्या साध्या मोटारीला अशा नळीने मिळणारी जादा शक्ती बहुधा नगण्यच असते.

आता झीज. उष्णतेने तंतू ठिसूळ होतात, हादऱ्यांनी तुटतात, धुराचे झोत त्यांचे तुकडे छिद्रांतून ओढून नेतात आणि उरलेली लोकर काजळीने माखून, जुन्या गादीतील कापसाप्रमाणे, एका कडेला गोळा होते. कवचात पोकळी उरली की तीक्ष्ण स्वर मोकाट सुटतात. त्यात पाण्याची भर पडते: एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास लिटरभर पाणी वाफरूपाने निर्माण होते. बारामतीहून भवानीनगरमार्गे लांबवर इंदापूर गाठणाऱ्या मोटारीचा सायलेन्सर तापून कोरडा होतो; बारामतीत घर ते भिगवण चौक एवढ्याच फेऱ्या मारणारीच्या लोकरीत तेच पाणी मुरते आणि पत्रा आतून गंजतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर आवश्यक ठरवतो. लोकर गेलेली नळी त्या कसोटीला उतरत नाही. वाचकांच्या सायलेन्सराचे टोक बोल्टांनी बसवलेले असेल तर नवे भरण घालून घ्यावे, वेल्ड केलेले असेल तर कंपनीचा मूळ सायलेन्सर बसवावा. जुने कवच उघडताना मात्र हातमोजे आणि नाकातोंडावर मास्क अवश्य असावा, कारण काचेचे ते तुकडे कातडीला आणि घशाला खुपतात.